टॉवरवर चढणारे तंत्रज्ञ : सोलापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआयचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि मोबाईल टॉवरच्या कामात नव्याने आलेले तरुण जे प्रश्न सतत पाठवत असतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्लायंबर, रिगर आणि टेक्निशियन ही तीन वेगळी माणसे असतात का?

मोठ्या उभारणीच्या कामात असतात. रिगर पुली, दोर आणि विंच लावून अँटेना व जड युनिट वर नेतो व बसवतो, तर टेक्निशियन वीजपुरवठा, बॅटऱ्या, केबल, फायबर आणि अलार्म पाहतो. देखभालीच्या रोजच्या कामात मात्र हा भेद बहुधा उरत नाही आणि खाली डीजी सेटचे (डिझेल जनरेटरचे) डिझेल तपासणाऱ्यालाच वर जाऊन ढिला झालेला कनेक्टर घट्ट करावा लागतो. केवळ चढता येणाऱ्याला काम मिळते, पण ते तुटक मिळते. वर पोहोचल्यावर मीटर लावून दोष शोधता येणाऱ्याला वर्षभर काम असते, म्हणून चढणे ही या व्यवसायातील जाण्यायेण्याची वाट समजावी, व्यवसाय नव्हे.

२. त्यासाठी कोणते शिक्षण लागते आणि ते सोलापुरात होते का?

इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक यांपैकी कोणताही आयटीआयचा ट्रेड चालतो, आणि विजापूर रस्त्यावरील शासकीय आयटीआयमुळे त्यासाठी शहराबाहेर जाण्याची गरज पडत नाही. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा असल्यास पुढे देखरेखीच्या जागा लवकर मिळतात. दहावी किंवा बारावीनंतर थेट काम करणारेही आहेत, परंतु ते सहसा मदतनीस म्हणूनच सुरुवात करतात.

शिक्षण कोणतेही असो, उंचीवर काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण आणि त्याचे मुदतीतले प्रमाणपत्र असल्याशिवाय टॉवरवर चढू नये. या क्षेत्रात ‘फार्मटोक्ली’ या नावाने ओळखले जाणारे प्रमाणपत्र अनेक कंपन्या मागतात. प्रशिक्षणात प्रत्यक्ष टॉवरवर चढवून घेतात की नाही आणि लटकलेल्या माणसाला उतरवण्याचा सराव होतो की नाही, हे दोन प्रश्न फी भरण्याआधी विचारावेत. वर्गात चित्रफीत दाखवून हाती कागद देणाऱ्या ठिकाणी पैसे घालवू नयेत.

३. मला उंचीची भीती वाटते. मी हे काम करू शकेन का?

पहिल्या चढाईत भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांची ती सरावाने आटोक्यात येते. भीती आणि चक्कर या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर गेल्यावर भोवताल फिरत असल्यासारखे वाटणे, फिट येण्याचा पूर्वेतिहास, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह, हृदयाचा आजार यांपैकी काही असल्यास डॉक्टरांच्या स्पष्ट लेखी परवानगीशिवाय चढू नये आणि वैद्यकीय तपासणीत ते लपवू नये. वजनाचाही विचार करावा लागतो, कारण हार्नेस (पडताना धरून ठेवणारा अंगावरील पट्ट्यांचा संच) किती वजनासाठी आहे ते त्याच्या लेबलवर लिहिलेले असते आणि त्या आकड्यात अंगावरील अवजारांचे वजनही धरायचे असते.

अजिबात भीती वाटत नाही असे सांगणाऱ्या नवख्याबद्दल अनुभवी टीम लीडला अधिक काळजी वाटते, हेही येथे नोंदवून ठेवतो.

४. रंगांधळेपणा असेल तर हे काम मिळत नाही, हे खरे आहे का?

चढण्यासाठी तो अडसर नाही, फायबर जोडण्यासाठी आहे. ऑप्टिकल फायबरच्या ट्यूबमधील तंतू निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि फिकट निळसर अशा बारा रंगांच्या ठरलेल्या क्रमाने ओळखले जातात. हिरवा आणि तपकिरी यांत फरक न कळणाऱ्याने स्प्लायसिंग (तंतूंची जोडणी) केले, तर चुकीचे तंतू जोडले जातील आणि भलत्याच साईटचा संपर्क तुटेल. अशा व्यक्तीने रिगिंग, बॅटरी, डीजी आणि यांत्रिक देखभाल या बाजूकडे वळावे.

५. पगार किती मिळतो?

एकच आकडा सांगणे फसवे ठरेल, कारण कोणी महिन्याच्या पगारावर असतो, कोणी दर साईटमागे तर कोणी दर चढाईमागे. त्यामुळे आकड्यापेक्षा त्यात काय धरले आहे, हे विचारावे. पेट्रोल वेगळे मिळते का? करमाळा किंवा सांगोल्यापर्यंतची ये-जा स्वतःच्या मोटारसायकलवर करावी लागत असेल, तर या एका उत्तराने पगाराचा अर्थ बदलतो. रात्रीच्या कामाचा भत्ता, हार्नेस आणि हेल्मेट कोण देणार, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, हेही विचारावे. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असल्यास कामगार राज्य विमा योजना साधारणपणे लागू होते. तिच्यात कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. रोखीने थोडे जास्त देऊन विमा टाळणाऱ्या कंत्राटदारापेक्षा विमा भरणारा कंत्राटदार आमच्या मते नेहमीच परवडतो.

६. टॉवर कंपनीत नोकरी लावून देतो म्हणून एक जण अनामत रक्कम मागत आहे. द्यावी का?

देऊ नये. प्रशिक्षणाची फी ही संस्थेला पावतीवर दिली जाते. नोकरीसाठी व्यक्तीच्या खात्यात मागितलेली रक्कम ही फसवणूक समजावी. शेतात टॉवर बसवून देण्यासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्यांचा प्रकार याच जातीचा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय टॉवरसाठी कोणालाही ना हरकत पत्र देत नाही, त्यामुळे तसे पत्र दाखवले गेले तर ते बनावट आहे हे निश्चित.

७. चढण्याआधी जमिनीवर नेमके काय करायचे असते?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण चढायचे की नाही हा निर्णय खालीच होतो आणि वर गेल्यावर तो बदलण्याची संधी फार थोडी असते.

प्रथम कामाची लेखी परवानगी, म्हणजे परमिट, हाती आहे का आणि त्यात आजचेच काम लिहिले आहे का, हे पाहावे. त्यानंतर टॉवरभोवती एक फेरी मारावी. पायाच्या काँक्रीटला तडे आहेत का, नटबोल्ट जागेवर आहेत का (लोखंडाच्या चोरीमुळे खालचे आडवे अँगल नाहीसे झालेले टॉवर प्रत्यक्षात आढळतात), शिडीच्या पायऱ्या गंजल्या आहेत का, वीजवाहिन्या किती जवळ आहेत आणि वर मधमाश्यांचे पोळे आहे का (प्रश्न १४), हे सर्व खालून, शक्य असल्यास दुर्बिणीतून, दिसते. मग हार्नेसच्या शिलाईवरून बोट फिरवावे, हुकाची कळ आपोआप बंद होते का ते पाहावे आणि हार्नेसला हुकाशी जोडणाऱ्या पट्ट्यावरील शॉक ॲब्सॉर्बरचे (पडण्याचा झटका कमी करणाऱ्या भागाचे) वेष्टण उसवलेले असेल तर तो पट्टा बाजूला काढावा. एकदा पडण्याचा झटका सोसलेला पट्टा दिसायला चांगला असला तरी पुन्हा वापरायचा नसतो.

खाली दुसरा माणूस असल्याशिवाय वर जायचे नाही. त्या ग्राउंड मॅनने टॉवरच्या बुडाशी उभे न राहता बाजूला थांबायचे, कोणाला खालून जाऊ द्यायचे नाही, वरच्याशी संपर्क ठेवायचा आणि सुटका कशी करायची हे त्याला माहीत असायचे. डबा आणायला गेलेला ग्राउंड मॅन हा ग्राउंड मॅन नव्हे.

८. बेल्टला दोन हुक असतात, मग चढताना एकच वापरला तर वेळ वाचत नाही का?

वेळ वाचतो, आणि हुक पुढे सरकवण्याच्या क्षणी माणूस कशालाच बांधलेला नसतो. दोन हुक असण्याचे कारणच ते आहे : पहिला काढण्याआधी दुसरा अडकलेला असला पाहिजे. शिडीवर सुरक्षा दोर किंवा तार असेल तर तिच्यावर चालणारा फॉल अरेस्टर (पडताना दोराला घट्ट पकडणारे उपकरण) वापरावा आणि दोन हातांपैकी व दोन पायांपैकी तीन अवयव सतत टॉवरला टेकलेले ठेवावेत. कमरेचा साधा पट्टा हा जागेवर टेकून काम करण्यासाठी असतो आणि पडणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, म्हणून पूर्ण शरीराचा हार्नेस हवा. भारतीय मानकांत त्यासाठी आयएस ३५२१ आणि हेल्मेटसाठी आयएस २९२५ हे क्रमांक पाहावेत.

हुक कोठे अडकवता यालाही महत्त्व आहे. पट्टा सुमारे २ मीटर, शॉक ॲब्सॉर्बर उलगडून होणारी वाढ पावणेदोन मीटरपर्यंत, हार्नेसच्या कडीपासून पायापर्यंतचे अंतर सुमारे दीड मीटर आणि त्याखाली १ मीटर मोकळी जागा असा हिशेब केला, तर हुकाच्या बिंदूखाली सहा मीटरहून थोडी अधिक रिकामी जागा लागते. पायाशी हुक अडकवून पाच मीटरवर काम करणारा माणूस बांधलेला असूनही जमिनीवर आदळू शकतो. म्हणून हुक नेहमी डोक्याच्या वर किंवा निदान खांद्याच्या पातळीवर असावा.

९. टॉवरच्या रेडिएशनमुळे क्लायंबरला आजार होतो का?

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश ठेवलेली आहे. ही मर्यादा सर्वसामान्य लोकांच्या वावराच्या जागेसाठी आहे आणि टॉवरखाली किंवा शेजारच्या घरात ती सहज पाळली जाऊ शकते. क्लायंबरची गोष्ट वेगळी आहे, कारण तो अँटेनाच्या अगदी समोर हातभर अंतरावर येऊ शकतो. रेडिओ लहरींचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीराच्या ऊती तापणे, आणि तो अंतर कमी होते तसा झपाट्याने वाढतो.

उपाय सरळ आहे. पॅनेल अँटेनासमोर काम करायचे असेल तर ज्या सेक्टरचे (एका दिशेला संपर्क पुरवणाऱ्या अँटेनाचे) काम आहे तो नियंत्रण कक्षाला सांगून बंद करून घ्यावा आणि बंद झाल्याची खात्री मिळाल्यावरच पुढे जावे. नवख्यांना न कळणारी बाब अशी की एका टॉवरवर अनेक कंपन्यांच्या अँटेना असतात, त्यामुळे आपल्या कंपनीचा सेक्टर बंद झाला तरी अर्धा मीटर वर असलेला दुसऱ्या कंपनीचा सेक्टर चालूच असतो. चढण्याची वाट अँटेनाच्या मागून निवडावी आणि मिळत असल्यास अंगावर लावायचा आरएफ मॉनिटर (रेडिओ लहरींची तीव्रता दाखवणारे उपकरण) वापरावा.

१०. आकाशवाणीच्या किंवा एफएमच्या टॉवरवरही हेच नियम लागू पडतात का?

पडतात, पण तेवढ्यावर भागत नाही. एफएम केंद्राच्या अँटेनातून किलोवॅटमध्ये शक्ती बाहेर पडू शकते, त्यामुळे तिच्या पट्ट्यातून ‘पटकन जाऊन येतो’ हा विचारही करू नये. प्रसारण बंद करून किंवा केंद्राने ठरवलेल्या पातळीपर्यंत शक्ती कमी करूनच काम होते, म्हणून अशी कामे बहुधा प्रसारण नसलेल्या वेळेत घेतली जातात.

मध्यम लहरींच्या केंद्रावर परिस्थिती त्याहून निराळी असते. तेथे उभा मनोरा हाच अनेकदा अँटेना असतो आणि तो बुडाशी इन्सुलेटरवर टेकवलेला असतो. प्रसारण चालू असताना जमिनीवर पाय ठेवून त्या मनोऱ्याला हात लावणाऱ्याला भाजते. मोबाईल टॉवरवर दहा वर्षे काढलेल्या माणसालाही हे आपोआप कळत नाही, कारण त्याचा टॉवर नेहमीच अर्थिंगला जोडलेला असतो.

११. ४८ व्होल्टने शॉक लागत नाही, मग बॅटरीच्या खोलीत एवढी खबरदारी कशाला?

टेलिकॉमची उपकरणे उणे ४८ व्होल्ट डीसीवर चालतात आणि कोरड्या हाताला त्याचा धक्का सहसा जाणवत नाही. धोका व्होल्टेजचा नसून प्रवाहाचा आहे. बॅटरी बँकेच्या दोन टोकांवर पाना पडला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो, धातू वितळून उडतो आणि डोळे व हात भाजतात. अंगठी, कडे आणि धातूची साखळी काढून ठेवावी आणि मुठीपासून टोकापर्यंत इन्सुलेशन असलेलीच अवजारे वापरावीत. येथे धन टोक अर्थ केलेले असते, हे मोटारसायकलच्या वायरिंगची सवय असलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

१२. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात काम कसे करतात? आणि उपवास असेल तर?

पारा चाळिशीच्या वर गेलेल्या दुपारी टॉवरचे लोखंड उघड्या हाताने धरवत नाही, आणि वर सावली नसते. त्यामुळे नियोजित कामे पहाटे लवकर सुरू करून दुपारच्या आधी उतरणे हाच शहाणपणाचा क्रम आहे. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे घ्यावे, ओआरएस जवळ ठेवावे आणि डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे यांपैकी काहीही जाणवताच उतरावे. घाम येणे थांबून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

उपवासाचा प्रश्न आमच्याकडे आषाढी, नवरात्र आणि रमजानच्या सुमारास हमखास येतो. ज्या उपवासात पाणी आणि फराळ चालतो, त्यात सकाळची छोटी चढाई करता येते. निर्जळी उपवासात किंवा रोजा असताना उन्हाळ्यात चढू नये. आदल्या दिवशी टीम लीडला सांगून खालचे काम मागून घ्यावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही, आणि जो लीड यावरून टोमणे मारतो तो लीड म्हणून कमी पडतो.

१३. वळवाचा पाऊस येणार असे दिसत असेल तर काम उरकून उतरावे की लगेच?

लगेच. आपल्याकडे वळीव बहुधा दुपारनंतर आणि फार थोड्या अवधीत येतो. आधी धुळीचा वारा, मग विजा आणि शेवटी पाऊस असा क्रम असल्याने पावसाची वाट पाहणारा विजांच्या वेळी वरच असतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोहोचू शकेल इतके ढग जवळ आहेत, असे मानावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पुन्हा चढू नये. टॉवरच्या शेंड्यावरील तडितरक्षक टॉवरसाठी व उपकरणांसाठी असतो, शिडीवरील माणसाला त्याचे संरक्षण नाही. उतरल्यावर टॉवरच्या पायाला टेकून थांबू नये, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत थांबावे.

१४. टॉवरवर आग्या मोहोळ बसले आहे. धूर करून हटवता येईल का?

तसे करू नये. आग्या माश्या पाठलाग करतात आणि बांधलेल्या माणसाला वरून पळता येत नाही. घाईने हुक सोडून उतरण्याच्या प्रयत्नात होणारा अपघात दंशांपेक्षा घातक असतो. साईटवर पोळे असल्याची लेखी नोंद करून काम थांबवावे आणि पोळी काढणाऱ्या प्रशिक्षित लोकांना बोलवावे. नियंत्रण कक्षाला हे कारण किरकोळ वाटू शकते, म्हणून फोटो काढून पाठवावा.

१५. गच्चीवरचा छोटा टॉवर मोठ्या टॉवरपेक्षा सोपा असतो ना?

असा समज सर्वत्र आहे आणि तो बरोबर नाही. शेतातील ४० मीटरच्या टॉवरला शिडी, विसाव्याचे मंच आणि भोवती कुंपण असते. पेठांतील जुन्या इमारतीवर ६ मीटरचा खांब असतो, पण तो कठड्याजवळ उभा असतो आणि तेथून पडणारा गच्चीवर न पडता थेट रस्त्यावर पडतो. कठडा गुडघ्याएवढा असतो, जवळून महावितरणची तार गेलेली असते, आणि खाली पदपथावर फेरीवाले बसलेले असतात. गच्चीच्या कडेपासून दोन मीटरच्या आत काम असेल तर खांबावर चढण्याआधीच, गच्चीवर असतानाच, हार्नेस बांधून घ्यावा. अवजारांना दोरी बांधलेली असावी आणि खालचा रस्त्याचा तुकडा दोरी लावून अडवावा.

१६. डिशचे अलाइनमेंट केले, सिग्नलही आला, तरी लिंक पावसात तुटते. असे का?

लिंक म्हणजे दोन टॉवरवर समोरासमोर लावलेल्या डिशमधील रेडिओ लहरींची जोडणी. ती अशी तुटते तेव्हा बहुधा डिश मुख्य झोतावर न लागता बाजूच्या झोतावर लागलेली असते. १५ गिगाहर्ट्झवर ६० सेंटिमीटर व्यासाच्या डिशचा मुख्य झोत जेमतेम सव्वादोन अंशांचा असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दुबळे झोत असतात. बाजूच्या झोतावरही ‘सर्वोच्च’ आकडा सापडतो, पुढे-मागे फिरवल्यावर तो कमी होतो आणि काम झाले असे वाटते. म्हणून मिळालेली पातळी लिंकच्या नियोजनपत्रातील अपेक्षित पातळीशी ताडून पाहावी. फरक २ ते ३ डेसिबलपेक्षा जास्त असेल तर दोन्ही टोकांच्या डिश रुंद फिरवून, एका वेळी एकच टोक, पुन्हा शोध घ्यावा.

पातळी बरोबर असूनही लिंक तुटत असेल तर कारण मार्गात असते. १० गिगाहर्ट्झच्या वरील लहरी जोरदार पावसात क्षीण होतात, उजनीच्या जलाशयासारख्या मोठ्या पाण्यावरून जाणाऱ्या लिंकवर परावर्तनामुळे चढउतार होतो, आणि सर्वेक्षणानंतर मध्ये उभी राहिलेली इमारतही अडथळा ठरते. ही दुरुस्ती क्लायंबरच्या पान्याने होत नाही, नियोजन विभागाला कळवावी लागते.

१७. उन्हाळ्यात अर्थिंगचे मोजमाप अचानक का बिघडते?

जमीन कोरडी पडल्यामुळे. जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात ओलावा धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. पिटमध्ये (इलेक्ट्रोड पुरलेल्या खड्ड्यात) पाणी घालून मोजले तर आकडा चांगला येतो, परंतु तो त्या दिवसापुरता असतो. वळवाच्या विजा नेमक्या याच मोसमात पडत असल्याने पिटची कायमची दुरुस्ती मार्चपूर्वी करून घ्यावी.

१८. साईट बंद आहे, वारा सुटला आहे आणि साहेब फोनवर ‘चढा’ म्हणत आहेत. नाही म्हणता येते का?

येते, आणि म्हणावे. फोनवरच्या माणसाला वारा दिसत नाही. भांडण न करता ‘वारा जास्त आहे, थांबतो, कमी होताच चढतो’ असे लेखी संदेशाने कळवावे, सोबत वेळ आणि चित्रफीत जोडावी. परवानगीच्या कागदावर हवामानाची अट असतेच, तिचा उल्लेख करावा. वारीच्या दिवसांत पंढरपूर परिसरात फिरते टॉवर उभे राहतात, लाखोंची गर्दी असते आणि दर तासाला फोन येतो. त्या दिवसांतही अट तीच राहते. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्याला अपघात झाल्यास मुख्य कंपनीलाही भरपाईची जबाबदारी झटकता येत नाही, हे ठाऊक असलेला अधिकारी सहसा आग्रह धरत नाही.

१९. सहकारी हार्नेसमध्ये लटकून राहिला तर किती वेळ असतो?

फार थोडा. पाय लोंबकळत राहिल्याने रक्त खाली साचते आणि काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते, म्हणून अग्निशमन दलाच्या भरवशावर न राहता सुटकेचा संच साईटवर असावा आणि तो वापरता यावा. लटकलेला शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहायला, शक्य झाल्यास पट्ट्याच्या फासात पाय ठेवून उभे राहायला सांगावे. खाली आणल्यावर त्याला आडवे झोपवू नये असे पूर्वी शिकवत, पण त्या सल्ल्याला पुरावा नाही. नेहमीचा प्रथमोपचार करावा, श्वास तपासावा, शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे आणि बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यावे.

२०. मुली हे काम करतात का? आणि चाळिशीनंतर काय?

मुलींना कोणतीही तांत्रिक अडचण नाही. हार्नेस मात्र योग्य मापाचा मागून घ्यावा, पुरुषांच्या मापाचा ओढून बांधू नये. चाळिशीनंतर चढाया कमी होतात, पण फायबर, नियंत्रण कक्ष, सुरक्षा प्रशिक्षण आणि देखरेख हे मार्ग उघडे असतात. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्याने रेल्वेच्या दूरसंचार कामांच्या निविदांवरही लक्ष ठेवावे. अट प्रश्न १ मधलीच : मीटर वाचता आला पाहिजे.

२१. टॉवरच्या शेंड्यावरचा लाल दिवा बंद असेल तर ते आमचे काम आहे का?

हो, आणि ते टाळायचे काम नाही. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गात येते म्हणून साखर कारखान्याची उंच चिमणी २०२३ मध्ये पाडण्यात आली, हे शहराला आठवत असेलच. उंचीचा अडथळा विमान वाहतुकीत किती गांभीर्याने घेतला जातो, ते त्यावरून दिसते. दिवा बंद आढळल्यास त्याच दिवशी अलार्म नोंदवावा. प्रथम खालचा फ्यूज आणि अंधार पडताच दिवा लावणारा सेन्सर तपासावा, कारण अनेकदा दोष तेथेच निघतो आणि चढावेच लागत नाही.